संकरित विषाणूचा माग
एकाच रुग्णाच्या एकाच पेशीत करोनाचे दोन उपप्रकार शिरले, तर नव्या प्रती तयार होताना त्यांच्या जनुकांची सरमिसळ होऊ शकते. २०२२मध्ये आढळलेला ‘एक्सबीबी’ हा ओमायक्रॉनच्या ‘बीए.२’च्या दोन वंशजांचा असाच संकर. नावातील ‘एक्स’ ही त्याची खूण. ‘पॉझिटिव्ह’ एवढ्या अहवालावरून तो ओळखता येत नाही. त्यासाठी नमुन्याचे जनुकीय क्रमनिर्धारण लागते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसह ‘इन्साकॉग’च्या प्रयोगशाळा ते करतात. अशा नोंदींमुळेच मे २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला नव्या लशींसाठी ‘एक्सबीबी.१’ वंशाची शिफारस करता आली. घरच्या चाचणीचे किट मात्र थेट कचऱ्यात जाते. चाचण्या घटल्याने विषाणूचे बदलणे थांबत नाही. आपल्याला ते उशिरा कळते.