जागा कोणाच्या नावावर?

२० मार्च २०२२. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर हैदराबाद एफसीने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर ३-१ असे हरवले आणि इंडियन सुपर लीग जिंकली. पुण्यात त्या रात्री फटाके वाजले नाहीत. वाजावेत असे कोणाला वाटलेही नसेल. पण हैदराबादने लीगमधल्या ज्या जागेवरून हा करंडक उचलला, ती तीन वर्षांपूर्वीपर्यंत पुण्याची होती.

‘जागा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी गुंडाळला गेला तेव्हा हात बदलले ते या जागेने. प्रशिक्षक फिल ब्राऊन तिच्याबरोबर हैदराबादला गेले. मार्सेलिनो गेला, आणखी काही खेळाडू गेले. मागे राहिले ते पुण्यातल्या बालेवाडी स्टेडियमच्या स्टँडमध्ये बसणारे लोक. त्यांना कोणी विचारले नाही. विचारावे अशी कुठे सोयही नव्हती.

पुण्याला फुटबॉलचे वेड नाही, म्हणून क्लब टिकत नाहीत, असे यावर ऐकवले जाते. २०१४-१५ च्या हंगामात याच शहरात तीन व्यावसायिक क्लब होते. आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी, इंडियन सुपर लीगमध्ये पुणे सिटी. २०१५ मध्ये पहिले दोन बंद झाले. भारत एफसीचा तर एका हंगामात कारभार आटोपला. मग डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आला आणि दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. २०१९ मध्ये चौथा गेला. अशोक पिरामल, कल्याणी, डीएसके, वाधवान. चार उद्योगसमूह, चार क्लब, आणि सगळे मिळून पाच वर्षांच्या आत बंद. एखाद्या शहराचे वेड इतक्या शिस्तीत ओसरत नाही. बंदचा निर्णय चारही वेळा मैदानावर नव्हे, मालकाच्या कचेरीत झाला.

जुना चाहता भेटला तर त्याला बोलते करावे. तो करंडकांविषयी बोलत नाही. बोलण्यासारखे फारसे नाहीतच. २०१२-१३ मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा आला, तेच शिखर. तो अराता इझुमीविषयी बोलतो. जपानमध्ये जन्मलेला हा खेळाडू पुणे एफसीकडे असताना भारताचा नागरिक झाला आणि भारताकडून खेळला. हे सांगताना चाहत्याचा आवाज घरातल्या मुलाचा निकाल सांगितल्यासारखा होतो. १९९८ चा विश्वविजेता त्रेझेगे पुणे सिटीकडून खेळून गेला, हे मात्र त्याला आठवण करून द्यावे लागते. पुणे एफसी बंद पडल्यावर हाच माणूस कुरकुरत का होईना, केशरी जर्सी घालून पुणे सिटीच्या सामन्यांना जाऊ लागला. मार्च २०१८ मध्ये बालेवाडीत बेंगळुरूशी उपांत्य फेरीचा पहिला सामना ०-० सुटला. चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि सगळे संपले. तो त्या रात्रीविषयीही तक्रार करत नाही. हरणे त्याला मान्य होते.

त्याची अपेक्षा तरी काय होती? सुरुवातीला विजेतेपदाची असेल. पुढे ती आक्रसत गेली. शेवटी पुढच्या हंगामाचे वेळापत्रक निघावे, एवढीच उरली. तीही पुरी झाली नाही.

आता कोल्हापूरकडे पाहा. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. हे क्लब पेठांचे आणि तालमींचे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने असले की गर्दी होते आणि कधीकधी राडेही होतात, ज्यांचे समर्थन कोणी करू नये. पण पाटाकडीलची जागा हैदराबादला नेऊन दाखवा. ते शक्य नाही, कारण ती कोणा एकाच्या नावावर नाही. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली तेव्हा तिथल्या चाहत्यांनी २००२ मध्ये स्वतःच्या मालकीचा एएफसी विम्बल्डन काढला. तो बऱ्याच खालच्या लीगपासून सुरू झाला आणि २०२० मध्ये प्लाउ लेनला परतला. पुण्यात असे काही झाले नाही. याचा दोष पूर्णपणे मालकांवर टाकता येणार नाही. आपणही जर्सी विकत घेतली आणि मालकीचा प्रश्न कधी काढला नाही.

पुण्याची ती जागा पुढे हैदराबादकडेही राहिली नाही. तिथेही मालक बदलले आणि २०२५ मध्ये ती दिल्लीला गेली. तिचे नाव आता स्पोर्टिंग क्लब दिल्ली. करंडक जिंकलेल्या शहरातही ती थांबली नाही, म्हणजे पुण्याने आणखी चार सामने जिंकले असते तर वाचलो असतो, ही समजूतही सोडलेली बरी.

पुण्यात उद्या आणखी एखादा समूह येईल. ढोल-ताशे लागतील, एखादा नट सहमालक म्हणून हात हलवेल, बालेवाडीत पुन्हा दिवे लागतील. जरूर जा. पण हंगामाचे तिकीट काढण्याआधी खिडकीपाशी एवढे विचारा: हा क्लब बंद करायची वेळ आली तर कोणाकोणाची सही लागणार आहे?