रिक्षाचं बिल आणा

परवा एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. पंप विकतो, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. जालन्याच्या एका कारखान्यातून पावणेबारा लाखांची ऑर्डर घेऊन आला, आणि अकाउंट्सने त्याच्या क्लेममधल्या २६० रुपयांभोवती लाल पेनाने गोल केला. स्टेशन ते एमआयडीसी रिक्षा, जाऊन-येऊन. शेरा : ‘बिल जोडलेले नाही.’

आता रिक्षावाल्याने बिल आणायचं कुठून? पहाटे स्टेशनाबाहेर तो भाडं तोंडी ठरवतो आणि निघतो. मुंबईत मीटर आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून तो २६ रुपयांवर पडतो, पण आकडाच दिसतो, कागद हातात येत नाही. यूपीआयने पैसे दिले आणि स्क्रीनशॉट जोडला, तर पलीकडे ड्रायव्हरचं नाव दिसतं म्हणून ‘पर्सनल ट्रान्स्फर’ असा शेरा मारून तोही परत.

मग माणूस काय करतो, हे फिरतीवर असलेल्या कुणालाही विचारा. माझ्या पहिल्या नोकरीत सॅम्पलची पेटी तीस किलोची होती. हमालाला दिलेले पन्नास रुपये मी प्रामाणिकपणे ‘हमाली’ म्हणून लिहिले. साहेबच म्हणाले, “अरे, हमाली पास होत नाही. झेरॉक्स लिही.” पुढची दोन वर्षं मी इतक्या झेरॉक्स काढल्या, की कुणी मोजल्या असत्या तर कंपनीने मला मशीनच घेऊन दिलं असतं. हॉटेलच्या गल्ल्यावरून कोरी बिलं मागायला लोक इथूनच शिकतात. खोटं व्हाउचर चालतं, खरं चालत नाही.

गंमत म्हणजे या बाबतीत सरकार शहाणं निघालं. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने जुलै २०१७ मध्ये दौऱ्याचे नियम बदलले. पगाराच्या लेव्हल ५ पर्यंतच्या कर्मचाऱ्याला तेव्हा गावातल्या प्रवासासाठी दिवसाला ११३ रुपयांपर्यंत, ६ ते ८ ला २२५ रुपयांपर्यंत, आणि त्या मर्यादेत व्हाउचर लागत नाही. प्रवास कधी केला, गाडीचा नंबर काय, हे स्वतः लिहून सही करायची. ११३ रुपयांत कितीसं फिरून होत असेल, ते सोडा. (त्याच आदेशात लेव्हल १४ आणि त्यावरच्यांना एसी टॅक्सीचा प्रत्यक्ष खर्च.) पण सहीवर विश्वास ठेवला, हे महत्त्वाचं.

खासगी कंपन्या आयकराचा बागुलबुवा दाखवतात. रोखीच्या खर्चावरची ती प्रसिद्ध मर्यादा एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांची आहे. रिक्षाचे २६० तिच्या जवळपासही जात नाहीत. खर्च धंद्यासाठीच झाला हे दाखवावं लागतं, कबूल. व्हाउचर नावाचा कागद त्यासाठीच तर असतो.

टिपचं थोडं वेगळं आहे. पंचतारांकित हॉटेलात हजार रुपये ठेवून कुणी ते कंपनीच्या माथी मारत असेल, तर जरूर कापा. पण दिवसभर सोबत राबलेल्या ड्रायव्हरला रात्री जेवायला दीडशे दिले, क्लायंटसमोर वेटरच्या बशीत पन्नास ठेवले, ही काही चैन नव्हे. तिथे हात आखडला तर लाज कंपनीचीच जाते. दिवसाला एक रक्कम ठरवून टाकावी, तीत रिक्षा, हमाल, टिप सगळं आलं. तारीख, कुठून कुठे, गाडीचा नंबर एवढंच मागावं. आणि आठवड्याच्या आत पैसे द्यावेत. बावीस हजार पगाराच्या पोराचे तीन हजार महिनाभर अडकले, की तो कंपनीला बिनव्याजी कर्जच देत असतो.

मित्राने मात्र स्वतःपुरता तोडगा काढलाय. पुढच्या खेपेला जालन्यात हॉटेलवाल्याकडूनच गाडी सांगणार. अकराशे रुपये, पक्कं बिल, जीएसटीसकट. ते एका दिवसात पास होईल, असं अकाउंट्सनेच त्याला सांगितलंय.

— हिशेबनीस