मातीची अंगठी

मुलांनो,

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशीची गोष्ट. पाचवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला. तोंड एवढंसं झालेलं.

"सर, आमची जमीन वाईट आहे का?"

"असं कोण म्हणालं?"

"आजोबा. आमची सगळी हळद सडली. शेजारच्या काकांची मातर लई चांगली आली."

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर वावरात गेलो. आमचं कनेरगाव नाका वाशीम-हिंगोली रस्त्यावर आहे, जवळून पैनगंगा वाहते. याचं वावर सखल भागात, काळंभोर. काकांचं जरा चढावर. मधे फक्त एक बांध, पण मातीत जमीन-अस्मानाचा फरक!

असं का बरं? आपल्या भागातली माती काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसाल्टपासून झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा खडक. तो झिजतो आणि बारीक माती पावसाबरोबर खाली वाहत येते. म्हणून सखल भागात माती खोल आणि चिकण, उतारावर मध्यम, तर माळावर वीतभर मातीखाली लगेच मुरूम.

चिकण माती पाणी धरून ठेवते. हरभरा, रब्बी ज्वारी त्या ओलीवर मजेत वाढतात. हळदीचा कंद मात्र जवळजवळ नऊ महिने जमिनीत असतो. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि कंद कुजतो. म्हणजे जमीन वाईट नव्हती. पीक आणि माती यांची जोडी जमली नव्हती.

मी तिथेच त्याला एक प्रयोग दाखवला. तुम्हीही करा. मूठभर मातीतले खडे काढा, थोडं पाणी घालून कणकेसारखी मळा. तळहातावर पेन्सिलीएवढी जाड वळी करा आणि तिची अंगठी करून पाहा. वळीच झाली नाही, तर माती रेताड. वळी झाली पण वाकवताना मोडली, तर पोयटा. अंगठी न तुटता झाली, तर चिकण. मातीत अन्नद्रव्यं किती, हे मात्र अंगठी सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत माती परीक्षण करावं लागतं.

मग माळाची जमीन निकामी का? मुळीच नाही! जमिनीचे गुणांप्रमाणे आठ वर्ग करतात. पहिले चार नांगरटीचे, उरलेले गवताचे आणि झाडांचे. उताराचा माळ नांगरला तर होती ती मातीही वाहून जाते. तिथे गवत, बोर, सीताफळ शोभतं. जमिनीची अशी पाहणी करणारी राष्ट्रीय संस्था 1976 पासून आपल्या नागपुरातच आहे.

आजोबा बांधावर बसून पाहत होते. त्यांनीही माती मळली. अंगठी अगदी गोल झाली. तिच्याकडे पाहत ते हळूच म्हणाले, "हे मला ठावं व्हतं, सर. यंदा शेजाऱ्याच्या पिकाकडं पाहिलं, आपल्या मातीकडं पाहायचं राहिलं."

नातू लगेच म्हणाला, "म्हणजे जमीन चांगली आहे ना, आजोबा?"

"चांगली हाये, बाळा. आता हरभरा पेरू."

मुलांनो, या रविवारी वावरात जा. सखल, उतार आणि माळ, अशा तीन ठिकाणची माती आणा, तीन अंगठ्या करा आणि घरच्या मोठ्यांना दाखवा. पुढच्या पेरणीचं बोलणं निघेल, तेव्हा त्या जवळ असू द्या.

तुमचे,
सर