हँडलवरचा पाच व्होल्टचा प्रश्न

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रो ६च्या खांबांखाली सिग्नल लागला की आजूबाजूच्या बाईक्सच्या हँडलकडे जरा बघा. एक मोबाईल होल्डर, त्यातून टाकीकडे उतरलेली वायर आणि ती जिथे गायब होते तिथे काळ्या टेपचा गोळा. डिलिव्हरीवाल्याची गाडी असेल तर हे हमखास. पण इस्माईल युसुफ कॉलेजच्या बाहेर लागलेल्या बाईक्सवरही आता हेच दिसतं. तुमच्या बाईकवरही असेल, नाहीतर पुढच्या पॉकेटमनीत बसवायचा विचार असेल. त्या टेपच्या गोळ्यात काय आहे, ते आज उघडून बघू.

आधी हा गोळा आला कुठून? नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार २०२०-२१मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३०पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील, असा अंदाज आहे. यातल्या डिलिव्हरीवाल्यांचं ऑफिस म्हणजे फोनचा स्क्रीन. जीपीएस चालू, डेटा चालू, उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस फुल. असा फोन दुपारपर्यंत मान टाकतो. आणि फोन बंद म्हणजे ऑर्डर बंद. बाईक स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, फोन स्वतःचा. मग त्या फोनला लागणारी वीजही स्वतःच्याच बॅटरीतून. तुमच्यातले काही जण लेक्चर संपल्यावर दोन-तीन तासांसाठी लॉगिन करत असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको. चार्जर ही त्यांची चैन नाहीच, हत्यार आहे.

कंपन्यांनाही हे कळलं. टीव्हीएसच्या एनटॉर्कला २०१८मध्येच यूएसबी चार्जर होता. २०२२मध्ये तर हिरोने स्प्लेंडरची एक्सटेक आवृत्ती यूएसबीसकट आणली. स्प्लेंडर! काटकसरीचं दुसरं नाव असलेली गाडी. तिच्यातही चार्जर आला, म्हणजे गरज कुठवर पोहोचली आहे बघा. पण रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या त्याआधीच्या आहेत. त्यांच्यासाठी पर्याय एकच, ॲक्सेसरीजचं दुकान आणि ‘दहा मिनटात लावून देतो’ म्हणणारा पोऱ्या.

तो बहुतेक वेळा काय करतो? हॉर्नची किंवा हेडलाईटची वायर हाताशी असते. ती सोलतो, चार्जरची वायर तिच्याभोवती पिळतो, वर टेप मारतो. किंवा मग ‘डायरेक्ट मारतो’, म्हणजे थेट बॅटरीला जोडतो. दोन्हींतलं जास्त त्रासदायक हे दुसरं आहे, आणि त्याचं कारण साध्या गुणाकारात आहे. स्प्लेंडरसारख्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, ३ अँपिअर-अवरची असते. व्होल्टमीटरचे निळे आकडे दाखवणारा चार्जर, फोन लावलेला नसतानाही, समजा २० मिलिअँपिअर खातो. चोवीस तासांत झाले जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर. गणपतीला आठवडाभर कोकणात गेलात आणि बाईक जोगेश्वरीतच राहिली, तर परत आल्यावर सेल्फ नुसता कटकट करेल. चार्जर किल्लीवर चालणाऱ्या लाईनवर असेल तर हा प्रश्नच येत नाही. किल्ली बंद, चार्जर बंद.

चालू गाडीत मात्र फोन चार्जर हा फार मोठा भार नाही, आणि याबद्दल उगाच घाबरवलं जातं. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॅट. मधला तोटा धरला तरी बाईकच्या १२ व्होल्टच्या लाईनमधून साधारण १ अँपिअर जातो. तुलनेला, या गाड्यांचा साधा हेडलाईटचा बल्ब ३५ वॅटचा असतो आणि १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालूच असतो. त्यापुढे १० वॅट किरकोळ आहेत.

गणित बिघडतं ते जोडीला एलईडी फॉग लाईट्स आले की. ४० वॅटचे दोन म्हणजे ८० वॅट, जवळजवळ ७ अँपिअर. हे हॉर्नच्या वायरवरून ओढले तर बारीक वायर तापते, स्विचचे पॉइंट जळतात. इथे रिले लागतोच. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड वायर, ८७ वरून दिव्यांकडे जाणारी, ८५ आणि ८६ वर आतली कॉइल. हँडलवरचा स्विच फक्त त्या कॉइलला इशारा देतो, मोठा करंट स्विचमधून जातच नाही. तुमच्या बारावीच्या फिजिक्समधला इलेक्ट्रोमॅग्नेट तो हाच. एवढं करूनही सिग्नलला, इंजिन आयडलवर असताना, छोट्या गाडीचा अल्टरनेटर कमी वीज बनवतो आणि तूट बॅटरीतून भरून निघते. जेव्हीएलआरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी किती वेळ आयडलवर असते, ते तुम्हीच सांगा.

आणि फ्यूज. फ्यूज फोन वाचवायला असतो असं खूप जणांना वाटतं. तो वायर वाचवायला असतो. कुठे तरी वायर घासून फ्रेमला टेकली आणि मध्ये फ्यूज नसेल, तर एवढीशी बॅटरीही वायरचं कव्हर वितळवेल इतका करंट देते, आणि तेही पेट्रोलच्या टाकीखाली. म्हणून फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, वितभराच्या आत. साध्या चार्जरला २-३ अँपिअरचा पुरतो. त्याची किंमत वडापावच्या आसपास असते, तरी नेमका तोच वगळला जातो.

मुंबईची हवा हा वेगळाच विषय. खारट दमटपणात पिळलेल्या तांब्यावर हिरवी पूड चढते, टेपचा गोंद उन्हात सुटतो आणि पहिल्या पावसात चार्जर ‘कधी चालतो, कधी नाही’ असा होतो. क्रिंप केलेला किंवा सोल्डर करून हीट श्रिंक चढवलेला जोड टिकतो. वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली थोडा झोका ठेवा, पाणी तिथून गळून जातं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना, हे दुकानातच बघा. बीएस-६ गाडी असेल तर इंजिनच्या ईसीयूकडे जाणाऱ्या वायर्सना हात लावू देऊ नका.

होल्डरबद्दलही एक. ॲपलने सप्टेंबर २०२१मध्ये स्वतःच सांगितलं होतं की, मोटरसायकलच्या मोठ्या इंजिनांच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं. त्यामुळे रबरी डॅम्पर असलेला होल्डर घेणं हा नखरा नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा फेरफाराला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे ऐकून ‘चार्जर लावला तर दंड होतो’ असे मेसेज फिरतात. मला ते पटत नाही. कलम ५२ मध्येच फेरफार म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं, असा खुलासा आहे. १० वॅटच्या सॉकेटने इंजिन, चॅसी, रंग, वजन, काहीच बदलत नाही. समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या दिव्यांची गोष्ट मात्र वेगळी. तिथे पोलिसांनी अडवलं तर मी पोलिसांच्या बाजूने.

खरा पेच फोन वापरण्यात आहे. १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या नियमात गाडी चालवताना हातातली संपर्क उपकरणं फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने वापरायची मुभा आहे. आणि ॲप काय करतं? चालत्या गाडीवर ऑर्डर टाकतं आणि ती घ्यायला काही सेकंदांचा काउंटडाऊन लावतं. बोट स्क्रीनवर गेलं तर नियम मोडला, नाही गेलं तर ऑर्डर गेली. दंडाची पावती रायडरच्या नावावर निघते, काउंटडाऊन ठरवणाऱ्याच्या नाही. गिग कामगारांबद्दलच्या चर्चेत विमा आणि पेन्शन येतं, यायलाच हवं. पण हा काउंटडाऊन कुणाच्या तोंडी येत नाही, याचं मला नवल वाटतं.

विम्याचं म्हणाल तर मोटार टॅरिफमध्ये आयएमटी-२४ नावाचं कलम आहे. कंपनीच्या किमतीत न धरलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू त्याखाली त्यांच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियममध्ये नोंदवता येतात. २,००० रुपयांच्या दिव्यांना ८० रुपये. पॅकेज पॉलिसी असेल तर नूतनीकरणाच्या वेळी विचारा.

आणि हे सगळं नको असेल तर एक हिशेब करून बघा. ३ अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे ३६ वॅट-अवर. तुमच्या सॅकमधली १०,००० एमएएचची पॉवर बँक, आतल्या ३.७ व्होल्टवर, म्हणजे ३७ वॅट-अवर. अख्ख्या बाईकच्या बॅटरीएवढी वीज तुम्ही पाठीवर घेऊन फिरताय! रूपांतरात तिच्यातली बरीच जाते, तरी फोन एकदा सहज भरतो. कॉलेजला जाऊन-येऊन करणाऱ्याने वायरिंगला हात लावायची गरज नाही. पॉवर बँक फक्त उन्हात आणि पावसात उघडी ठेवू नका. दिवसाचे दहा तास रस्त्यावर असणाऱ्याला मात्र पक्का सॉकेटच हवा. त्याने दुकानात आधी विचारावं, फ्यूज कुठे बसवणार आणि लाईन किल्लीवरची घेणार ना. ‘काय गरज नाय, डायरेक्ट मारतो’ असं उत्तर आलं, तर दुकानं पुढेही आहेत.