उलटा चष्मा सुलटा होतो तेव्हा

'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही मालिका घसरली आहे असे म्हटले, की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, जुने नट गेले. दुसरे, सारे घर एकत्र बसून पाहू शकते, मग तक्रार कशाला? ही दोन्ही उत्तरे आम्हांस मान्य नाहीत.

दिशा वाकानी २०१७मध्ये गेल्या, शैलेश लोढा २०२२मध्ये. टप्पूची भूमिका तर तीन नटांनी केली. परंतु नट बदलला म्हणून पात्र मरत नाही. नाशिक जिल्ह्यातील हरसूल परिसरात होणारा बोहाडा आठवावा. तेथे मुखवटा तोच राहतो, तो धारण करणारी पिढी बदलते आणि सोंग फिके पडत नाही. कारण सोंगाला ठरलेले काम असते व खेळाला शेवट असतो. येथे मात्र दयाबेनची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवून तिच्या परतण्याची हूल देणे, यालाच कथानक मानले गेले.

खरा ऱ्हास लेखनाचा आहे. तारक मेहता यांचे मूळ सदर १९७१पासून 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात आले. 'उलटा चष्मा' म्हणजे मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेकडे पाहणारी तिरकी नजर. २००८मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा ती नजर काही अंशी शिल्लक होती. जेठालालची हौस, भिडे मास्तरांचा काटकसरी ताठा, बापूजींचा धाक यांच्या घर्षणातून हसू उमटे. पुढे स्वभावाची जागा संकटांनी घेतली. २०२१मध्ये पोपटलाल औषधांच्या काळाबाजाराचा छडा लावू लागला; त्याचे लग्न तर तपाहून अधिक काळ जमता जमता मोडत राहिले. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी उपदेश! ज्या चष्म्याने समाजाची खोड काढायची, तोच समाजाला शाबासकी देऊ लागला.

आता कुटुंबाचा मुद्दा. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या सदरातून उभी राहिलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मराठी घरांनी एकत्र बसूनच पाहिली. तिच्यात तीन पिढ्यांचे एकमेकांविषयीचे गैरसमज होते, टिपरे आबांचा स्वतःचा हेकाही होता. त्यामुळे हसणाऱ्याला आपलेच घर दिसे. ती योग्य वेळी थांबली. २०२४मध्ये ४,००० भागांचा टप्पा ओलांडणाऱ्या 'तारक मेहता'ला ते धैर्य झाले नाही. रोजचा अर्धा तास भरायचा, तर पात्राला वय, चूक व परिणाम देणे परवडत नाही; आणि परिणामावाचून विनोद म्हणजे नुसता गोंगाट.

साहित्याच्या वर्गात आपण विनोदाचे प्रकार शिकवतो आणि घरी येऊन या गोंगाटाला 'निरुपद्रवी' म्हणून सोडून देतो. आमचा आक्षेप या सोडून देण्यालाच आहे. ज्या विनोदाने कोणालाच बोचत नाही, त्याची समीक्षा अधिक कठोरपणे व्हायला हवी. कारण हसण्याची सवय तोच बिघडवतो.