पेंटिंग की पगार?

माझी एक मैत्रीण फाइन आर्ट्स करून सध्या एका एजन्सीत शाम्पूच्या बाटल्यांची लेबलं डिझाइन करते. अप्रेझलचा महिना आला की तिचं ठरलेलं वाक्य, "मी माझी कला विकली यार!" परवा कॉफी पिताना तिला म्हटलं, बाई गं, भानू अथैयांची गोष्ट ऐक.

ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय, एवढं क्विझमुळे आपल्याला पाठ असतं. त्याआधीचं कोण विचारतंय? जन्म १९२९चा, कोल्हापूरचा. माहेरचं नाव राजोपाध्ये. वडील चित्रकार, पण ही लहान असतानाच गेले. मुंबईत जे. जे.मध्ये शिकली, सुवर्णपदक पटकावलं आणि १९५३ मध्ये चक्क प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. हुसेन, रझा, सूझांचा तोच तो ग्रुप!

पण पैसे मिळायचे ते 'ईव्हज वीकली'त फॅशनची स्केचेस काढून. मग संपादकबाईंनी बुटिक काढलं, भानू कपडे डिझाइन करू लागली, नट्या यायला लागल्या आणि १९५६ मध्ये गुरुदत्तच्या बॅनरचा 'सीआयडी' आला. ब्रश सुटला.

खरंच सुटला? 'आम्रपाली'तली वैजयंतीमाला बघा, थेट अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरल्यासारखी दिसते. 'ब्रह्मचारी'तली मुमताजची ती नारिंगी साडी आठवते? एवढ्या उड्या मारून सुटत कशी नाही, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. ती शिवलेलीच होती!

आणि 'गांधी'. सुटाबुटातला बॅरिस्टर ते पंचातला महात्मा, अख्खा प्रवास कपड्यांतच दिसतो. ब्रिटिशांचे युनिफॉर्म जॉन मोलोकडे (हेच 'स्टार वॉर्स'वाले), भारतीय मंडळी मुख्यतः भानूताईंकडे. या कामात ग्लॅमर कमी आणि कारकुनी जास्त. नवंकोरं कापड कॅमेऱ्यात लगेच ओळखू येतं, म्हणून ते धुवायचं, मळवायचं, झिजवायचं. शूटिंग क्रमानं होत नाही, म्हणून कुठल्या सीनला पदर कसा होता याची नोंद ठेवायची. सिरियलवाल्यांचं तर रोजचंच हे! १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. पुढे 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले.

२०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली अकादमीकडे परत पाठवली. इथे ती नीट सांभाळली जाईल, याची त्यांना खात्री नव्हती. शांतिनिकेतनातून २००४ मध्ये टागोरांचं नोबेल चोरीला गेलं होतंच की. २०२० मध्ये त्या गेल्या आणि त्याच वर्षी त्यांची जुनी चित्रं लिलावात आली.

मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पेंटिंग सोडायला नको होतं, असं त्यांना कधी वाटलं असेल का गं?"

मी काय सांगणार? तेवढ्यात तिचा फोन वाजला. लेबलचा निळा रंग क्लायंटला आवडला नव्हता.