पलंगाआधी जिना पाहावा

वरठीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : आमच्या विवाहाला चाळीस वर्षे होत आहेत, म्हणून मुलाने दोघांसाठी लंडनची सहल ठरविली आहे. हॉटेल व्हिक्टोरिया राणीच्या काळातील आहे, पलंगाला छत व पडदे आहेत. यजमानांना मधुमेह आहे, गुडघ्याची शस्त्रक्रियाही झाली आहे. जावे काय?

अवश्य जावे. मात्र पलंगाआधी जिना पाहावा. लंडनमधील अशी अनेक हॉटेले मुळात एकमेकांना लागून बांधलेली उंच, अरुंद राहती घरे आहेत. कित्येक ठिकाणी लिफ्ट नसते; असली तरी तिच्यापर्यंत पोहोचायलाच चार पायऱ्या चढाव्या लागतात. स्नानगृहात टब असला, तर त्याचा उंच, निसरडा काठ ओलांडणे दुखऱ्या गुडघ्याला फार धोक्याचे. मुलाकरवी हॉटेलला लेखी विचारावे : खोली तळमजल्यावर मिळेल काय, टबाऐवजी साधा शॉवर आणि धरायला भिंतीत दांडा आहे काय? उत्तर मोघम आले, तर ते हॉटेल सोडून द्यावे. आपल्या पत्रात यजमानांची सारी दुखणी आहेत, आपल्याविषयी एक अक्षरही नाही. त्यांना रोज टबात उतरविणे आणि रात्री जिन्यावरून सांभाळणे आपल्याच वाट्याला येणार असेल, तर ही सहल एकट्या त्यांची होईल. पडद्यांचा पलंग नसला तरी चालेल. दोघांनाही निर्धास्त झोप लागेल अशी खोली हवी.

स्थळांच्या बाबतीतही हेच. सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटाच्या माथ्यापर्यंत 528 पायऱ्या आहेत. 1666 च्या आगीच्या स्मारकस्तंभाला 311. दोन्ही खालून पाहावीत, सुंदरच दिसतात. भुयारी रेल्वेच्या पुष्कळ स्थानकांत जिने टळत नाहीत. बसगाड्या मात्र बुटक्या पायरीच्या असतात आणि त्यांना उतरंडीची फळी असते. ब्रिटिश म्युझियमला प्रवेशशुल्क नाही. तेथे अमरावतीची शिल्पे आहेत. आपली नव्हे, आंध्रातली अमरावती. दिवसाला एकच स्थळ, तेही सकाळी, दुपारी विश्रांती.

भंडारा जिल्ह्यातील माणसाने 10, किंग हेन्रीज रोड हे घर मात्र चुकवू नये. 1921-22 मध्ये लंडनला शिकत असताना बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. 1954 च्या पोटनिवडणुकीत याच बाबासाहेबांना भंडाऱ्याने पराभूत केले होते, हे आठवून त्या दारात थोडा वेळ उभे राहावेसे वाटेल. घर मजल्यांचे आहे, तेव्हा घाई नको.

औषधे व इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे. विमानाच्या सामानकक्षातील थंडीने इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. त्यामुळे मात्रेच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. प्रवासविम्यात मधुमेह व शस्त्रक्रिया लपवू नयेत, नाहीतर ऐन वेळी दावा नाकारला जातो. विमानतळावरील चाकाची खुर्ची निदान 48 तास आधी सांगून ठेवावी. तिच्यात संकोच कसला? विमानात अधूनमधून उठून चालावे, पाणी पीत राहावे.

आणि जोडे. लंडनच्या किल्ल्यात दगडी फरसबंदी आहे, मधुमेहाच्या पायाला फोड आलेला कळतही नाही. रोज रात्री यजमानांचे तळवे उजेडात पाहावेत. नवे जोडे घेतलेच, तर महिनाभर आधीपासून ते घालून रोज भंडारा रोड स्थानकापर्यंत फेरी मारावी, दोघांनीही.